खरी पाने, कृत्रिम पाने आणि साचलेले पाणी

वाराणसीच्या पक्क्या महालातील गल्ल्या अरुंद आहेत. तेथील बहुतेक जुन्या घरांत ऊन येते ते मधल्या चौकातून किंवा गच्चीवरूनच. ब्रह्माघाट-दुर्गाघाट परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांची तुळसही याच उजेडाच्या आश्रयाने वाढते. दिवाणखान्यात मात्र मनी प्लांटच्या बाटलीशेजारी कापडी किंवा प्लॅस्टिकची फुलझाडे दिसू लागली आहेत. असा मेळ गैर नाही. परंतु कीटकांच्या दृष्टीने त्याची मांडणी विचारपूर्वक करणे आवश्यक आहे.

जागेची निवड

उजेड हा पहिला निकष मानावा. खिडकी किंवा चौकालगत खरी झाडे ठेवावीत. स्नेक प्लांट आणि मनी प्लांट मंद उजेडात तग धरतात; मात्र पूर्ण अंधारात कोणतेही झाड जगत नाही. अशा अंधाऱ्या कोपऱ्यात कृत्रिम झाड ठेवणेच योग्य. उजेडाअभावी अशक्त झालेल्या झाडाला किडींचा उपद्रव अधिक जाणवतो.

खऱ्या झाडांवरील किडी

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसल्यास तो पिठ्या ढेकूण समजावा. साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवलेल्या कापसाने तो पुसून काढावा. पानांवर बारीक पिवळसर ठिपके आणि खालच्या बाजूस जाळी आढळल्यास लाल कोळी असण्याची शक्यता असते. कोरडी हवा आणि पानांवरील धूळ त्यास पोषक ठरते. कुंडीभोवती बारीक काळी चिलटे उडत असतील, तर माती सतत ओली राहत आहे असे जाणावे. वरचा थर वाळल्यावरच पाणी द्यावे आणि पिवळे चिकट सापळे लावावेत.

कृत्रिम झाडांना कीड लागत नाही, परंतु त्यांच्यावर धूळ साचते आणि दाट पानांत कोळी व झुरळे आसरा घेतात. ती पंधरा दिवसांतून एकदा ओल्या फडक्याने पुसावीत.

खरा धोका पाण्याचा

डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारी एडिस डासाची मादी झाड खरे की खोटे हे पाहत नाही. ती साचलेले स्वच्छ पाणी शोधते. मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली आणि कृत्रिम फुले खरी वाटावीत म्हणून काचेच्या फुलदाणीत भरलेले पाणी, या तिन्ही जागा तिला सारख्याच. गच्चीवरील कृत्रिम झाडाच्या रिकाम्या कुंडीत पावसाचे पाणी साचले, तर तीही चौथी जागा होते.

ही शक्यता केवळ कल्पनेतील नाही. २००१ मध्ये चीनहून अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे पाण्यात ठेवून आणलेल्या लकी बांबूंबरोबर एडिस अल्बोपिक्टस हा डासही पोहोचला होता. लकी बांबू वस्तुतः बांबू नसून ड्रॅसिना वंशातील आफ्रिकी वनस्पती आहे.

मादी पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या ओलसर भिंतीवर अंडी चिकटवते. भांडे कोरडे पडले तरी ही अंडी अनेक महिने टिकतात आणि पाणी भरताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. उष्ण हवामानात अंड्यापासून डास होण्यास साधारणतः सात ते दहा दिवस लागतात. म्हणूनच केवळ पाणी बदलणे पुरेसे नाही. आतील भिंत घासणेही तितकेच आवश्यक आहे.

आठवड्याचा नेम

१. ठरावीक वारी सर्व बाटल्या व फुलदाण्या रिकाम्या करून आतून ब्रशने घासाव्यात. मुळेही धुवावीत.

२. बाटलीचे तोंड देठाभोवती कापसाने बंद करावे; शक्य असल्यास रोप मातीत लावावे.

३. ताटलीत पाणी साचू देऊ नये. तीत वाळू भरावी.

४. कृत्रिम फुलांच्या फुलदाणीत पाण्याऐवजी कोरडे खडे घालावेत.

५. पावसाळ्यात गच्चीवरील रिकाम्या कुंड्या पालथ्या ठेवाव्यात.

हा नेम जून ते नोव्हेंबर या काळात विशेष कटाक्षाने पाळावा. दर आठवड्यातील ही काही मिनिटे घराची शोभा आणि घरातील माणसांचे आरोग्य, दोन्ही राखतात.