विहिरीतील पाणी आणि वर्गातील रसायनगणित

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना रसायनशास्त्राचा जो भाग सर्वांत नकोसा वाटतो तो गणितांचा. रेणुभार काढा, शेकडा प्रमाण काढा, द्रावणाची तीव्रता सांगा, अशी उदाहरणे फळ्यावर सोडविली जातात आणि परीक्षेनंतर विसरली जातात. उत्तर चुकले तर दोन गुण जातात, एवढेच. मात्र महाराष्ट्रातील प्रत्येक ग्रामपंचायतीस एक रसायनगणित वर्षभर सोडवावे लागते आणि त्याचे उत्तर चुकल्यास गावात कावीळ, अतिसार किंवा पटकी शिरते. हे गणित म्हणजे पिण्याच्या पाण्यात किती टी.सी.एल. पावडर टाकावी, हे होय.

मुळशी तालुक्यातील हिंजवडीचेच उदाहरण घ्यावे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहत गेले आणि म्हातोबाच्या यात्रेसाठी ओळखले जाणारे हे गाव संगणकाच्या व्यवसायाचे केंद्र झाले. वस्ती वाढली, उंच इमारती आल्या. परंतु पाणी आजही अनेक मार्गांनी येते : नळाने, विहिरीतून, कूपनलिकेतून आणि बऱ्याच गृहसंकुलांना टँकरने. स्रोत जितके अधिक तितकी निर्जंतुकीकरणाची जबाबदारी अधिक हातांत विभागली जाते. २०२५ च्या प्रारंभी पुणे परिसरात गिलाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा सिंहगड रस्त्याच्या भागातील पाण्याच्या स्रोतांची तपासणी करावी लागली, ही गोष्ट अद्याप ताजी आहे.

पावडरीत असते काय ?

टी.सी.एल. म्हणजे पाठ्यपुस्तकातील विरंजक चूर्ण. विरलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडला असता ते तयार होते. त्याच्या एका रेणूत कॅल्शियमचा एक, ऑक्सिजनचा एक व क्लोरीनचे दोन अणू धरल्यास रेणुभार ४० + १६ + ७१ म्हणजे १२७ होतो. म्हणजे शुद्ध चूर्णात क्लोरीनचे प्रमाण शेकडा ५६ च्या आसपास यावयास हवे. प्रत्यक्षात न विरघळणारा चुना व ओलावा यांमुळे उत्तम प्रतीच्या ताज्या पावडरीतही उपलब्ध क्लोरीन शेकडा ३३ च्या सुमारासच असतो. पोते उघडे राहिले, ओल लागली, ऊन लागले की तो आणखी घटतो. ग्रामपंचायतीच्या कोठीत पावसाळ्याआधी आणलेली पावडर दिवाळीपर्यंत तीच राहते, तिची शक्ती मात्र तीच राहत नाही.

ही शक्ती शाळेच्या प्रयोगशाळेत मोजता येते. ५ ग्रॅम पावडर थोड्या पाण्यात घोटून ५०० मिलिलिटर करावी व ढवळून त्यातील २५ मिलिलिटर घ्यावे. त्यात पावडर आली पाव ग्रॅम. प्रथम पोटॅशियम आयोडाइड व नंतर ॲसेटिक आम्ल घातले की क्लोरीन आयोडीनला मुक्त करतो आणि द्रावण तपकिरी होते. (हा क्रम उलटा करू नये. नुसत्या पावडरीवर आम्ल पडल्यास विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. शिक्षकांनी हा प्रयोग खिडक्या उघड्या ठेवून स्वतःच्या देखरेखीखालीच करवून घ्यावा.) मग ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट सोडावे, रंग फिका पिवळा झाल्यावर स्टार्च घालावा आणि निळा रंग नाहीसा होताच थांबावे. थायोसल्फेटचा प्रत्येक मिलिलिटर ३.५५ मिलिग्रॅम क्लोरीनशी सममूल्य असतो. समजा, १६.२ मिलिलिटर लागले, तर क्लोरीन ५७.५ मिलिग्रॅम झाला. २५० मिलिग्रॅम पावडरीत इतका क्लोरीन, म्हणजे शेकडा २३. पिशवीवर ३३ छापलेले असले तरी विहिरीत पडणार आहे ते २३.

विहिरीचे माप

एका गोल विहिरीचा व्यास ४ मीटर व पाण्याची खोली ५ मीटर आहे असे धरू. व्यासाचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले ३.१४, भागिले ४, असे केल्यास ६२.८ घनमीटर, म्हणजे ६२,८०० लिटर पाणी निघते. स्वच्छ पाण्यास हजार लिटरमागे अडीच ग्रॅम चांगली पावडर हा सर्वसाधारण नियम आहे. त्यानुसार १५७ ग्रॅम पुरेल. पावडर २३ टक्क्यांची असल्यास तेवढ्याच क्लोरीनसाठी सुमारे २२५ ग्रॅम लागेल. दहा हजार लिटरच्या टँकरला हाच हिशोब २५ ग्रॅमचा होतो. मात्र ती मात्रा टँकर भरतानाच पडली पाहिजे. नळी लावून पाणी उतरविण्याच्या वेळी टाकून उपयोग नाही, कारण क्लोरीनला काम करण्यास निदान अर्धा तास मिळाला पाहिजे.

येथवर सारे सोपे आहे. अडचण अशी की, पाणी नेहमी स्वच्छ नसते. क्लोरीन पाण्यात मिसळला की हायपोक्लोरस आम्ल तयार होते व जंतुनाशाचे मुख्य कार्य तेच करते. परंतु पाण्यातील पालापाचोळ्याचे सेंद्रिय अंश, लोह, अमोनिया हेही त्याला खाऊन टाकतात. ही पाण्याची क्लोरीनची भूक. ती भागल्यावर जो उरेल तोच पुढे रक्षण करणार. ही भूक सूत्राने काढता येत नाही. ती प्रयोगानेच पाहावी लागते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या पाण्यासाठी होरॉक्स यांनी तयार केलेले साधे उपकरण त्यासाठी आजही उपयोगी आहे. काळ्या पेल्यात सपाट चमचाभर, म्हणजे २ ग्रॅम पावडरीचे द्रावण करावयाचे. सहा पांढऱ्या पेल्यांत विहिरीचे पाणी घेऊन पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहापर्यंत थेंब टाकावयाचे. थेंबाचा आकार हिशोबात धरलेला असल्याने उपकरणासोबतचाच ड्रॉपर वापरावा. अर्ध्या तासाने प्रत्येक पेल्यात स्टार्च-आयोडाइडचा दर्शक घातला की ज्या पेल्यात प्रथम स्पष्ट निळा रंग येतो, तितके चमचे पावडर दर ४५५ लिटरना लागते. द्रावण त्याच पावडरीचे असल्याने तिचा कमकुवतपणाही या उत्तरात आपोआप धरला जातो.

आता तीच विहीर जुलैत पाहावी. मुळशीचा पाऊस लागून पाणी ८ मीटरवर आले, गढूळही झाले आणि निळा रंग तिसऱ्या पेल्यात दिसला. पाणी १,००,४८० लिटर, दर ४५५ लिटरना ६ ग्रॅम, म्हणजे पावडर सुमारे १,३२५ ग्रॅम. स्वच्छ पाण्याच्या १५७ ग्रॅमच्या आठपटींहून अधिक ! वर्षभर तेच एक मापटे विहिरीत रिकामे करणारा कर्मचारी आळशी नसतो. त्याला हे गणित कोणी करून दाखविलेले नसते.

मात्रा ठरल्यावर पावडर तशीच भिरकावू नये. प्लॅस्टिकच्या बादलीत ती कालवून दहा मिनिटे स्थिर ठेवावी, वरचे निवळ द्रावण दुसऱ्या बादलीत घ्यावे व ती बादली पाण्याखाली सोडून दोरीने वरखाली हलवावी. तळाचा चुना विहिरीत गेल्यास पाण्याचा कठीणपणा वाढतो. एक तासाने उरलेला क्लोरीन पाहावा : तो लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम असावा आणि घराच्या नळाशी ०.२ हून कमी नसावा. जलसुरक्षक ज्या ओ.टी. द्रावणाने पिवळा रंग पाहतात ते ऑर्थोटोलिडीन आरोग्यास घातक मानले जाते. विद्यार्थ्यांच्या हाती ते देण्यापेक्षा स्टार्च-आयोडाइडची परीक्षा बरी.

शेतावरील किंवा वस्तीवरील लहान विहिरीस रोज मात्रा देणे शक्य नसते. तेथे नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने सुचविलेली दुहेरी मडक्याची पद्धत उपयोगी पडते. आतील मडक्यात १ किलो पावडर व २ किलो जाड वाळू ओलसर मिसळून भरतात, दोन्ही मडक्यांना सेंटीमीटरभर छिद्र ठेवतात व तोंड बांधून ती पाण्याखाली एक मीटर सोडतात. सुमारे ४,५०० लिटर पाण्याच्या व रोज चारशे लिटर उपसा होणाऱ्या विहिरीस हे मडके दोन ते तीन आठवडे पुरते. उपसा वाढला तर ते त्याहून लवकर बाहेर काढावे, धुवावे आणि नवी पावडर भरून पुन्हा सोडावे.