थकलेल्या बैलाची निगा
चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावी बैल तिसऱ्या-चौथ्या वर्षी औतास लागतो व बारा-चौदा वर्षांचा झाला की थकतो. पूर्वी असा बैल बाजारात विकला जाई. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीस बंदी असल्याने त्यास सहसा गिऱ्हाईक लाभत नाही; दावणीचा भार धन्यासच वाहावा लागतो, आणि तो काही लहान नव्हे.

अशा बैलास एकाएकी खुंट्यास जखडू नये. प्रथम नांगर सोडवावा, मग वखर. हलकी गाडी काही दिवस ओढू द्यावी. दात झिजल्याने त्यास अखंड कडबा चावत नाही. म्हणून कुट्टी करून, पाणी शिंपडून द्यावा. पेंड भिजवावी. खांद्यावरील गाठ पशुवैद्यास दाखवावी. त्याचे शेणमूत्र खड्ड्यात नीट कुजविल्यास वैरणीचा थोडा खर्च शेतातच परत येतो.