आशा नसलेल्या भाच्यास

निपाणी

चि. बाळास,


परवा फोनवर म्हणालास, "आत्या, देव मानायला आशावादी स्वभाव लागतो, तो माझ्याकडे नाही." दोनदा परीक्षा हुकली की माणूस असं बोलतो. पण ते मला पटलं नाही.

तुझे आजोबा तुला आठवत नसणार. तंबाखूचा तरू लावतानाच अण्णा म्हणायचे, "यंदा दर पडणार." आईचं उलट; दर हंगामाला तिला नव्या पाटल्या दिसायच्या. गंमत म्हणजे गाढ झोप लागायची ती अण्णांना. आई रात्रभर वाकळेवर तळमळत असायची. अण्णा रोज तिन्हीसांजेला विठोबाच्या देवळात जाऊन बसत. काय मागता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मागतोय कुठं? दिवसभरात काय झालं ते सांगून येतो. तिथं ठेवलं की घरी आणावं लागत नाही."

१९८१ साली शेतकरी नेते शरद जोशींबरोबर तंबाखूवाले शेतकरी हमरस्त्यावर बसले, तेव्हाही अण्णा म्हणाले, "यातनं काय निघायचं नाही," आणि भाकरी बांधून गेले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. अण्णा अंधार पडल्यावर परतले ते पायसुद्धा न धुता देवळाकडे वळले. त्या रात्री तिथं काय सांगितलं, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

तू राहतोस त्या बेळगावचीच आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद तिथं आले. शिकागोच्या आधीचे, कुणाला फारसे ठाऊक नसलेले. आधी भाटे वकिलांकडे उतरले, मग हरिपद मित्र या जंगलखात्यातल्या अधिकाऱ्याकडे. मित्रबाबूंचा साधूंवर काडीचा विश्वास नव्हता. हाही काहीतरी मागायला आला असेल, असंच त्यांना वाटलं. स्वतःच्या तब्येतीची सतत धास्ती, औषधं चालूच, आणि वरच्या साहेबाचं तर तोंड बघवत नसे. स्वामींनी त्यांना दुखण्याचा ध्यास सोडायला आणि साहेबाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला सांगितलं. मित्रबाबूंनी ते करून पाहिलं आणि त्यांचं ओझं उतरलं. पुढं नवराबायको दोघांनी दीक्षा घेतली. या सगळ्यात साहेबाची बदली झाली नव्हती, हे ध्यानात घे.

तुझ्या दादाला सगळं "होईल की" वाटतं, तुला सगळं "नाही व्हायचं" वाटतं. दोघंही उद्याचे अंदाज बांधत बसलाय. (दादाचे जास्त चुकतात, हे आपल्यातच ठेव.) स्वभाव बदलायच्या भानगडीत पडू नकोस, तो आपल्या घराण्यात कुणाचाच बदललेला नाही. खोलीवरून कपिलेश्वराचं देऊळ लांब नाही. सोमवारी गर्दी असते, म्हणून मंगळवारी जा. निकालाचं काही बोलू नकोस. आठवडा कसा गेला तेवढं सांग, रागावलास तर रागानं सांग, आणि ऊठ. महिनाभर जाऊन बघ. काही वाटलं नाही तर मला तसं स्पष्ट कळव, मी वाद घालणार नाही.

एकदा किल्ल्यात रामकृष्ण मिशनच्या आश्रमातही जाऊन ये, मित्रबाबूंचं घर तिथंच होतं.

जेवण वेळेवर कर. येताना कुंदा आण, मागच्या वेळी विसरलास.

तुझी,
आत्या