प्रायमरी कीला अर्थ नको

ग्राहकांचा डेटाबेस उभारताना पहिला प्रश्न येतो तो नोंद कशावरून ओळखायची हा, आणि बहुतेकांना चटकन सुचते ते उत्तर म्हणजे मोबाइल नंबर. तो ज्याच्या त्याच्या तोंडी असतो, काउंटरवर सहज विचारता येतो. तरीही या कामातल्या अनुभवाने माझे मत पक्के झाले आहे : ग्राहकाच्या व्यवहारात ज्या माहितीला स्वतःचा अर्थ आहे, ती प्रायमरी की करू नये. अशी माहिती आपल्या ताब्यात नसते. ती बदलली, तर बिले, तक्रारी, परतावे अशी तिच्यावर विसंबलेली सगळी टेबले हलवावी लागतात.

मोबाइल नंबरचेच पाहा. बंद झालेला नंबर किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मग नव्या माणसाच्या खात्यात जुन्याची बिले दिसतात, आणि डेटाबेसला त्यात काहीच वावगे वाटत नाही. सासू आणि सून एकच नंबर देतात, तेव्हा दोघींची एक नोंद होते. प्रायमरी की रिकामी ठेवता येत नाही. म्हणून कुणी नंबर दिला नाही, तर कर्मचारी दहा वेळा नऊ टाइप करून मोकळा होतो. आधार क्रमांक सहसा बदलत नाही, पण प्रायमरी की जोडलेल्या प्रत्येक टेबलात आणि अहवालात उतरते. इतका नाजूक क्रमांक असा पसरवणे धोक्याचे आहे. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने बेळगावात शाखा काढली, तर 27 ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या जोडीला 29 चा क्रमांक येतो. ग्राहक मात्र तोच.

यावर काही जण म्हणतात, बदल सगळ्या टेबलांत आपोआप पोचवण्याची सोय डेटाबेसमध्ये असतेच. असते, पण ती हिशेबनिसाच्या एक्सेलपर्यंत, छापलेल्या बिलापर्यंत किंवा जुन्या बॅकअपपर्यंत पोचत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : निरर्थक क्रमांक दिला, तर एकच माणूस दोनदा नोंदला जाईल. खरे आहे, म्हणूनच दुहेरी नोंदी शोधण्याचे काम वेगळे करावे लागते. जिथे खरोखर लागू पडते तिथे युनिकची अट घालावी, नाव-पत्ता-नंबर जुळवून पाहावेत आणि दोन नोंदी एकत्र केल्याची खूण ठेवावी. प्रायमरी की स्वतंत्र असली, तर असे एकत्रीकरण निर्धास्तपणे करता येते.

म्हणून क्रमांक डेटाबेसलाच तयार करू द्या. एकच सर्व्हर असेल तर चढता पूर्णांक पुरतो. तो 64 बिटांचा घ्या, कारण 32 बिटांची मर्यादा सुमारे 214 कोटींवर संपते. शाखा इंटरनेटविना नोंदी करत असतील, तर यूयूआयडी घ्या. 2024 मध्ये प्रमाणित झालेली त्याची सातवी आवृत्ती वेळेच्या क्रमाने वाढते, त्यामुळे इंडेक्सवरचा ताण कमी राहतो. ग्राहकाला सांगायचा सुटसुटीत क्रमांक वेगळ्या कॉलममध्ये ठेवा. आणि पहिली नोंद भरण्याआधी तपासा : ग्राहकाने दिलेली कोणतीही माहिती उद्या बदलली, तर एकाच ओळीतल्या दुरुस्तीने भागेल का? भागत नसेल, तर आराखडा अजून पक्का झालेला नाही.