इंटर्नशिपसाठी जर्मनीला जाताना : आरोग्य विम्याची तयारी

परदेशी इंटर्नशिप मिळाली की पासपोर्ट, निमंत्रणपत्र व तिकीट यांची काळजी सर्वच जण घेतात. आरोग्य विमा मात्र अखेरच्या दिवशी, सर्वांत स्वस्त पाहून घेतला जातो. अशा कागदावर व्हिसा मिळेलही. परंतु इस्पितळाचे बिल आले की तो उपयोगी पडेलच असे नाही. सामान्य कुटुंबाची वर्षांची बचत त्या एका बिलात जाऊ शकते.

जर्मनीत कामगारांसाठी सक्तीचा आजार विमा १८८३ साली सुरू झाला. २००९ पासून तेथील रहिवाशांना आरोग्य विमा बंधनकारक आहे. बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्याकडूनही हीच अपेक्षा असते. विमा घेताना पुढील बाबी तपासाव्यात.

१) मुदत : ९० दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठीचा विमा किमान ३०,००० युरोंचा व सर्व शेंगेन देशांत लागू असावा. तातडीचे उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च त्यात हवा. मुक्काम ९० दिवसांहून अधिक असल्यास राष्ट्रीय व्हिसा लागतो. अशा वेळी साध्या आजाराचे उपचारही देणारा, पोहोचल्या दिवसापासून परतण्यापर्यंतचा विमा घ्यावा.

२) वगळलेल्या बाबी : पूर्वीचे आजार, दातांचे उपचार, गर्भारपण हे अनेक पॉलिसींत वगळलेले असते. दमा, मधुमेह यांसारखा आजार अर्जात लपवू नये. लपविल्यास पुढे दावा नाकारला जाऊ शकतो.

३) पैसे देण्याची रीत : खासगी विमा असलेल्या रुग्णाला डॉक्टरांचे बिल बहुधा आधी स्वतः भरावे लागते व नंतर कंपनीकडून परतावा मिळतो. म्हणून थोडी रक्कम हाताशी ठेवावी व प्रत्येक बिल जपावे. इस्पितळात दाखल होताच कंपनीला कळवावे.

४) कामावरील अपघात : कंपनीत काम करताना झालेल्या अपघातासाठी तेथे वेगळा कायदेशीर विमा असतो व त्याची वर्गणी मालक भरतो. आपली नोंद झाली आहे ना, हे पहिल्याच दिवशी विचारावे.

व्हिसा नाकारला गेल्यास हप्ता परत मिळेल काय, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. पॉलिसीची एक प्रत घरी ठेवावी. सही करण्यापूर्वी बारीक अक्षरांतील अटी वाचणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.