फोटोआधी नाव विचारा

कफ परेडच्या मच्छीमार नगरात फोटो काढायला येणाऱ्या तरुण मुलामुलींकडे कॅमेरे चांगले असतात, आणि मोबाइलमध्ये दुसऱ्यांचे फोटो साठवलेले असतात. सुरकुतलेली म्हातारी कोळीण, अंगावर सोनं, गडद काळा-पांढरा फोटो. हीच आपली स्टाइल, असं ठरवूनच ती येतात. या वस्तीत मी बरीच वर्षं पोर्ट्रेट काढतेय, म्हणून कळकळीने सांगते: अशाने स्टाइल सापडत नाहीच, वर माणसंही दुरावतात.

मी सहायक असतानाचं एक शूट सांगते. जाहिरातीसाठी एजन्सीने बाहेरून मॉडेल आणली. शिवलेलं लुगडं, भाड्याचे दागिने, पायात उंच टाचांचे सँडल. दुरुस्तीला पसरलेल्या जाळ्यावर तिला उभं केलं. टाच नायलॉनच्या आसात अडकली, तिने पाय ओढला आणि जाळं फाटलं. मग तिला होडीच्या नाळेवर चढवायला निघाले. नारळी पौर्णिमेला जिची पूजा होते, त्या नाळेवर चपला घालून कोण चढू देईल? तांडेलाने सगळ्यांना खाली उतरवलं. त्या मुलीचा यात काहीच दोष नव्हता; तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. पुढे जाहिरात छापून आली, तेव्हा तिच्या मागे मासळी वाळत घालणारी वस्तीतली मावशी स्पष्ट ओळखू येत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, पैशांचं तर नावच नको. त्यानंतर बराच काळ कॅमेरा दिसला की बायका तोंडावर पदर ओढायच्या.

म्हणून पहिली गोष्ट कागदाची. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने फोटोचा हक्क साधारणपणे काढणाऱ्याकडे राहतो; कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर तो देणाऱ्याकडे जातो. पण फोटो तुमचा झाला म्हणून त्यातला चेहरा तुमचा होत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्वाळा दिला. फोटो प्रदर्शनात लागणार, मासिकात छापणार की जाहिरातीत जाणार, हे मराठीत लिहा, वाचून दाखवा, मग सही घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलांची सही करारात चालत नाही; आईवडिलांशी बोला. आणि मॉडेल व्यावसायिक असो वा वस्तीतली, तिचा वेळ घेतलात तर मोबदला आधी ठरवा.

वेळही त्यांची पाहा. मासळी घेऊन बाजाराला निघालेल्या बाईला थांबवू नका. तिचा धंदा बुडतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेव्हा माणसं निवांत बोलतात.

उजेडाचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. दुपारी समुद्राची तिरीप डोळ्यांवर येते, माणूस डोळे बारीक करतो आणि चेहरा आक्रसतो. सावली हवी म्हणून निळ्या ताडपत्रीखाली बसवलंत, तर गालांवर निळी झाक येते. कातडीचा खरा रंग मग कॉम्प्युटरवरही धड परत मिळत नाही. घराचा उंबरठा उत्तम. आत अंधार, समोरून गल्लीचा मऊ उजेड. अंगावर सोनं असेल तर एक्स्पोजर सोन्यावरून ठरवा, फ्लॅश बंद ठेवा. नाहीतर गळ्यात नुसते पांढरे ठिपके दिसतात. रुंद लेन्स तोंडाजवळ नेली की नाक मोठं येतं. पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स लावा आणि दोन पावलं मागे उभे राहा.

आता स्टाइलचं. विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या लोकांच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यात स्टुडिओत उभी केलेली माणसं वेगळ्याच देखाव्यांवर चिकटवलेली आहेत, जातीजमातींचे नमुने म्हणून. ‘टिपिकल कोळीण’ शोधत फिरणारा आजचा फोटोग्राफर तेच करतो, असं माझं स्पष्ट मत आहे. उलट गौतम राजाध्यक्षांचे (१९५०–२०११) फोटो पाहा. ‘चेहरे’ हे त्यांचं पुस्तक जिथे मिळेल तिथे चाळा. मऊ प्रकाश ही त्यांची ओळख. पण हजारदा पाहिलेल्या नटनट्याही तिथे एकेकटं माणूस म्हणून भेटतात.

मच्छीमार नगरातल्या ज्या मावशीचे फोटो मी वर्षानुवर्षं काढतेय, तिला हसताना दात दाखवायचे नसतात, ओठ मिटूनच हसते. ‘मोकळं हसा’ असं मी तिला कधी म्हटलं नाही. तिच्यामुळेच मी हसू मागणं सोडलं, आणि आज लोक माझे फोटो त्या मिटल्या ओठांवरून ओळखतात.

तेव्हा एकाच घरी पुन्हा पुन्हा जा. आधी नाव विचारा, चहा घ्या, कॅमेरा पिशवीतच राहू द्या. आणि पुढच्या खेपेला मागच्या फोटोची प्रिंट ज्याची त्याच्या हातात द्या. मोबाइलवर पाठवली म्हणून भागत नाही.