बालपणीचा आघात आणि द्विध्रुवीय मनोविकार

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला, त्या वेळी सात-आठ वर्षांची असलेली मुले आज चाळिशीत आहेत. जळकोट परिसरातील अनेक कुटुंबांची नाती त्या गावांशी जोडलेली आहेत. त्यामुळे द्विध्रुवीय, म्हणजेच बायपोलर मनोविकाराचे निदान झाले की नातेवाईक विचारतात, ‘हे भूकंपामुळे झाले का? की आमच्या वागण्यात काही चुकले?’

या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. केवळ भूकंपाने किंवा केवळ आईबापांच्या चुकीने तो होत नाही, हे आम्ही प्रथम सांगू इच्छितो. मात्र बालपणाचा संबंधही नाकारता येत नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली १९ अभ्यास एकत्र तपासले. निरोगी व्यक्तींच्या तुलनेत या रुग्णांनी बालपणी छळ वा उपेक्षा सोसली असण्याची शक्यता सुमारे २.६ पट आढळली. मानसिक छळाबाबत ती जवळपास चौपट होती. हे अभ्यास प्रामुख्याने मारहाण, अपमान व लैंगिक अत्याचार यांविषयीचे आहेत. भूकंपाचा धक्का सरसकट त्याच हिशेबात धरणे योग्य नव्हे. शिवाय ज्या घरात आजार आहे तेथे मुलास तो रक्तातूनही येतो आणि घरातील अस्थैर्यातूनही. दोहोंची फारकत करणे तज्ज्ञांनाही अवघड जाते.

बालपणी आघात सोसलेल्या रुग्णांत हा आजार बहुधा लवकर सुरू होतो, झटके वारंवार येतात आणि आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण अधिक असते. म्हणून बालपणाची चौकशी हा उपचाराचाच भाग आहे. ती दोष शोधण्यासाठी नसते.

रुग्ण दवाखान्यात येतो तो बहुधा उदास असताना. रात्र-रात्र न झोपता उत्साहाने कामे उरकणाऱ्या मुलाचे घरात कौतुकच होते! ती माहिती दडली आणि केवळ नैराश्याचे औषध दिले गेले, तर उन्माद उसळू शकतो. यास्तव रुग्णासोबत त्यास लहानपणापासून ओळखणाऱ्या नातेवाइकाने यावे, ही विनंती. लैंगिक अत्याचारासारख्या गोष्टी मात्र रुग्णाशी एकांतातच बोलल्या जाव्यात.

निद्रानाशाने उन्मादाचा झटका येऊ शकतो. तुळजापूरच्या नवरात्रात जागरणाचा नेम असणाऱ्या रुग्णांनी त्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, गोळ्या मात्र परस्पर बंद करू नयेत. आत्महत्येचे विचार बोलून दाखविल्यास उद्याची वाट न पाहता रुग्णास रुग्णालयात आणावे. १४४१६ या शासकीय ‘टेली-मानस’ क्रमांकावर रात्रीही समुपदेशक उपलब्ध असतात.